काळ्या मातीच्या गावात रोज चालायला कोणता बूट घ्यावा: तालुक्याच्या बाजारातल्या जोड्यांची पारख

तालुक्याच्या बाजारात ५०० ते ७०० रुपयांत मिळणारा, फोमच्या तळाचा साधा स्पोर्ट्स बूट विदर्भातल्या खेड्यात रोज चालायला पुरतो. त्यासाठी शहरात जाऊन तीन-चार हजार घालवायची गरज नाही. मात्र तो दुकानात नीट तपासून घ्यावा लागतो, पहिल्याच आठवड्यात मोच्याकडून कडेने शिवून घ्यावा लागतो आणि पावसाळ्यात काळ्या चिखलात नेता येत नाही. हे सांभाळलं नाही तर तोच बूट दोन महिन्यांत तळ सोडतो, टाच धरते आणि चालणं बंद पडतं.

बुटावर एवढं का बोलायचं, ते हिशेबाने पाहा. ७० किलोचा माणूस ताशी ५ किलोमीटरच्या चालीने अर्धा तास चालला की साधारण १२० किलोकॅलरी खर्च होतात. स्टँडवरचा एक आलुबोंडा आणि गोड चहा त्याहून जास्त परत देतो. म्हणून नुसतं चालून वजन झपाट्याने उतरत नाही. वर्षागणिक गुपचूप चढत जाणारं वजन जागच्या जागी रोखायला मात्र चालणं कामी येतं, आणि तेही खंड पडला नाही तरच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते. वजन वाढू नये यासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ साली आठवड्याला १५० ते २५० मिनिटं असा पल्ला दिला. २५० मिनिटं धरली तर आठवड्याला जवळपास २१ किलोमीटर होतात, वर्षाला हजाराच्या वर. फोमचा तळ साधारण ५०० ते ८०० किलोमीटर दम धरतो, स्वस्तातला ५०० च्या आसपासच बसतो. म्हणजे वर्षाला दोन जोड, बारा-चौदाशे रुपये. हा खर्च आधीच धरून ठेवावा. एकच जोड दोन-तीन वर्षं ओढण्यात पैसे वाचत नाहीत, ते गोळ्यांवर जातात.

चालायची गरज कोणाला आहे हेही स्पष्ट असलेलं बरं. दिवसभर निंदण करणारी किंवा कापूस वेचणारी बाई आधीच पुरेशी राबलेली असते, तिला आणखी चालायला सांगणं अन्याय आहे. पण गावात आता धुऱ्यापर्यंत मोटारसायकल जाते, वखरणी-पेरणी ट्रॅक्टरवर होते, फवारणीचा पंप बॅटरीवर चालतो. वावर ठेक्याने दिलेला कास्तकार, किराणा दुकानदार, शिक्षक, शिलाई मशीनवर बसणारी बाई, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर यांचे पाय दिवसभर जागेवर असतात आणि जेवण मात्र जुन्याच मापाचं राहतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ निघाले. घरच्या घरी पाहायचं तर शिंप्याचा टेप घ्या. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि बाईची ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या पुढे गेली असेल तर हे सगळं तुमच्यासाठीच आहे.

आता जोड्यांकडे वळू.

हवाई चप्पल घालून रोज तीन-चार किलोमीटर जोरात चालू नये. तिला मागून धर नसतो, त्यामुळे ती पायात राहावी म्हणून बोटं सतत आवळली जातात, पाऊल आखूड पडतं आणि पोटऱ्या भरून येतात. वेग वाढवला की ती टाचेवर फटके मारते. शिवाय टाचेखालचा तिचा भाग सगळ्यात आधी झिजतो. तिथे चार-पाच मिलिमीटर रबर उरलं की माणूस जवळजवळ अनवाणीच चालत असतो. बाभळीचा काटा तिच्यातून आरपार येतो, ते तर सगळ्यांना माहीत आहे.

मागून पट्टा असलेली प्लास्टिकची किंवा रेक्झिनची सँडल त्याहून बरी. पावसाळ्यात तिला तोड नाही, कारण धुतली की दहा मिनिटांत कोरडी. पण तिचा तळ बहुधा कडक पीव्हीसीचा असतो, डांबरी रस्त्यावर टाचेला ठोके बसतात आणि ओल्या शेवाळलेल्या सिमेंट रस्त्यावर ती घसरते. गावातले बरेच अंतर्गत रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत आणि नालीच्या कडेला ते श्रावणात हिरवे होतात, तिथे जपावं.

शाळेच्या पीटीचा पांढरा कॅनव्हास बूट स्वस्त, हलका आणि हवेशीर. रबरी तळ पकड चांगली देतो. उणीव एकच, टाचेखाली गादी नाही. ५५-६० किलोचा तरुण माणूस मुरमाच्या मैदानावर त्यात आरामात चालेल. ८०-८५ किलोच्या माणसाने डांबरी रस्त्यावर तो वापरला तर टाचेची कुरकुर सुरू होण्याची शक्यता बरीच आहे. आणि ज्यांना चालायची सगळ्यात जास्त गरज, त्यांचंच वजन जास्त असतं.

चौथा प्रकार म्हणजे खूप जाड, मऊ, गादीसारखा तळ असलेला बूट. दुकानात पाय घातला की ढगावर उभं राहिल्यासारखं वाटतं आणि लोक त्यालाच भुलतात. एवढा मऊ फोम जड माणसाच्या वजनाखाली लवकर बसतो आणि एका बाजूने जास्त बसतो. मग पाऊल रोज थोडं आत किंवा बाहेर कलतं. पांदणीसारख्या उंचसखल वाटेवर तो घोटा मुरगळण्याचं कारण ठरतो. तो सपाट फरशीवर ठीक, आपल्या वाटांवर नको.

राहिला पाचवा, ज्याची शिफारस वर केली तो. दुकानदार त्याला ईव्हीए सोल, फायलॉन किंवा नुसतंच फोम सोल म्हणतात. इथे एक काळजी घ्या. त्याच रॅकवर एअरमिक्स सोलचे बूट त्याच भावात ठेवलेले असतात. एअरमिक्स म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. दिसायला सारखंच, पण हातात घेतलं की जड लागतं आणि थंडीत कडक होतं. दोन्ही हातांत एकेक घेऊन वजनाचा अंदाज घ्या, हलका तो फोमचा. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या दुसऱ्या फोमच्या सोलचा जुना माल मात्र घेऊ नका. पीयू दमट हवेत नुसता पडून राहिला तरी आतून कुजतो आणि चालता चालता तुकड्या-तुकड्याने गळतो. सवलतीत काढलेला, डब्यावर धूळ बसलेला बूट असेल तर हा धोका धरूनच चालावं.

दुकानात तपासायचं ते असं. बूट दोन्ही टोकांना धरून वाकवा. तो बोटांच्या सांध्याजवळ वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर ठेवून द्या, कारण त्याने तळव्याची कमान ताणली जाते. टाचेमागचा भाग अंगठ्याने आत दाबा, तो कडक हवा, सहज चेपणारा नको. तळाच्या फोमवर अंगठा जोरात दाबल्यावर थोडा रुतावा आणि सोडल्यावर लगेच वर यावा. बूट उलटा करून खाली टाचेला आणि चवड्याला वेगळ्या, काळपट रबराच्या पट्ट्या आहेत का पाहा. नुसता फोम जमिनीला टेकत असेल तर गिट्टीच्या रस्त्यावर तो दीड-दोन महिन्यांत घासून सपाट होतो. मग दोन्ही बूट काउंटरवर शेजारी ठेवून मागून बघा. स्वस्त मालात एक सरळ आणि एक किंचित कललेला असा जोड बऱ्याचदा निघतो. दुसरा जोड मागायला लाजू नका.

मापाच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका होतात. बूट संध्याकाळी घ्यावा, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. मोजे घालून, दोन्ही पायांत, उभं राहून पाहावा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी, म्हणजे एक ते दीड सेंटीमीटर, जागा हवी. आयुष्यभर चप्पल घालणाऱ्यांचा चवडा रुंद असतो, आणि हे बूट अरुंद साच्यावर बनतात. हे ओळखायची सोपी रीत आहे. आतली गादी काढून जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. करंगळी किंवा अंगठ्याचा सांधा गादीच्या बाहेर सांडला तर तो बूट करंगळीला फोड आणणारच. एक नंबर वाढला की लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते, म्हणून दोन नंबरांच्या मध्ये पाय असेल तर मोठा घ्यावा आणि लेसने टाच बांधावी. लेसच्या सगळ्यात वरच्या, सहसा रिकाम्या ठेवल्या जाणाऱ्या भोकातून लेस त्याच बाजूने परत ओवून छोटी कडी करा, समोरच्या बाजूची लेस त्या कडीतून काढून ओढा आणि मग गाठ मारा. टाच वर उचलायची थांबते. चवडा रुंद असेल तर खालची पहिली दोन भोकं सैल सोडा.

बायकांची अडचण वेगळी आहे आणि दुकानदार ती समजून घेत नाहीत. तालुक्याला लेडीज म्हणून जे गुलाबी-जांभळे बूट येतात ते निमुळते असतात, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या पायात ते बसत नाहीत. मुलांच्या विभागातला ४, ५ किंवा ६ नंबरचा काळा बूट मागावा, तो रुंद असतो आणि साडीखाली वेगळा दिसत नाही. साडीचा काठ घोट्याच्या वर चार बोटं ठेवला तर पायात येत नाही. बूट घालून गावातून जाणं अवघड वाटत असेल तर मागे आणि चवड्यावर असे दोन्हीकडे वेल्क्रोचे पट्टे असलेली फोमच्या तळाची सँडल घ्यावी, ३०० ते ४५० रुपयांत येते. बुटाच्या पाऊण तरी काम ती करते, आणि अंगणातून निघताना जी पायात सहज घातली जाते ती घरात पडून राहणाऱ्या बुटापेक्षा कधीही चांगली.

घरी आणल्यावर पहिलं काम शिलाई. या भावातले बूट फक्त सोल्यूशनने चिकटवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. टिनाखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या बुटाचा चिकट थर सैल पडतो आणि पुढचा चोच-भाग आधी उघडतो. तळाच्या कडेला जी खाच असते तिच्यातून चारही बाजूंनी नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई मारून घ्या. साधारण ८०-१०० रुपये पडतात. सुती दोरा नको, तो चिखलात कुजतो.

मोज्यांवर लोक काटकसर करतात आणि तिथेच फोड येतात. शंभर टक्के सुती मोजा घामाने भिजला की भिजलेलाच राहतो. थोडा पॉलिस्टर मिसळलेला, घोट्याच्या वर येणारा मोजा घ्यावा. घोट्यापर्यंतचे आखूड मोजे आपल्याकडे चालत नाहीत, दिवाळीनंतर धुऱ्यावरचं गवत वाळलं की कुसळं त्यांच्यात घुसतात आणि दिवसभर टोचतात.

वाट कोणती, यावर बुटाचं आयुष्य ठरतं. सगळ्यात चांगली वाट म्हणजे दाबलेल्या मुरमाची: शाळेचं मैदान, कालव्याचा कडेरस्ता, तलावाची पाळ. मैदानावर गोल चालताना दर दोन-तीन फेऱ्यांनी दिशा बदला, नाहीतर एकाच पायाच्या बाहेरच्या कडेवर भार येतो. गिट्टी टाकून सोडलेला खडीचा रस्ता बुटाला आणि घोट्याला दोन्हीला वाईट. पांदण कोरड्या दिवसांत छान, पण कुपाटीच्या काट्या जिथून ओढत नेल्या असतील तिथे फोमात बाभळीचे काटे घुसतात. ते त्याच रात्री पकडीने उपटून काढा. राहिलेला काटा रोजच्या दाबाने आत सरकत जातो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पायात निघतो. तूर काढलेल्या वावरातून चालू नका, तिरपी कापलेली धसकटं कुठलाही तळ भेदतात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीच्या भेगांत पाऊल अडकून घोटा मुरगळतो.

पावसाळ्यात काळी माती तळाला चिकटते, वर दुसरा थर, तिसरा थर, आणि पायाला अर्धा-पाऊण किलोचं ओझं लागतं. चिकटलेल्या पायाने बूट ओढताना शिलाईसकट तळ सुटतो. या दिवसांत सँडल घालून डांबरी रस्त्यावर चालावं, किंवा बूट हातात घेऊन रस्त्यापर्यंत जावं. बूट चिखलाने भरलाच तर ओला घासू नका. सावलीत पूर्ण वाळू द्या, मग दोन्ही बूट एकमेकांवर आपटा, माती आपोआप पडते. आत जुना पेपर कोंबून ठेवा आणि उन्हात वाळवू नका. सकाळी घालण्याआधी दर वेळी उलटा करून झटका. विंचू अंधाऱ्या, कोरड्या जागेत बसतो आणि ओसरीवरचा बूट त्याला आवडतो.

डांबरी रस्त्याचा एक मोठा फायदा म्हणजे किलोमीटरचे दगड. त्यांच्यामुळे वेग मोजायला मोबाईल लागत नाही. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत १२ मिनिटं लागली तर ताशी ५ किलोमीटर, म्हणजे हवा तो वेग. १५ मिनिटं लागली तर ती गप्पांची चाल आहे, हळूहळू कमी करत आणा. मध्ये २०० मीटरचे छोटे दगड असतील तर एका टप्प्याला सुमारे २ मिनिटं २५ सेकंद. दगड नसतील तर मिनिटाला किती पावलं पडतात ती मोजा. १०० च्या आसपास पडली आणि बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही एवढा श्वास लागला, की जोर बरोबर आहे. १०,००० पावलांचा आकडा मनावर घेऊ नका. तो १९६५ मध्ये जपानच्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकताना रूढ केला. रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, समोरून येणारी गाडी दिसते. पहाटे अंधारात चालणाऱ्याने टॉर्च आणि पांढरा सदरा, दोन्ही ठेवावे. पावसाळ्यात मण्यार आणि घोणस रात्री रस्त्यावर येतात, तेव्हा टॉर्च आणि बंद बूट हेच संरक्षण. चंद्रपूर, गडचिरोलीकडे आणि जंगलाला लागलेल्या कुठल्याही गावात उजाडण्याआधी गावाबाहेर जाऊच नका. शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारा.

बूट कधी टाकायचा हे वरून कळत नाही, वरचं कापड शेवटपर्यंत चांगलं दिसतं. तळाच्या बाजूला फोमवर आडव्या सुरकुत्या पडून त्या दाब काढल्यावरही राहिल्या, टाचेची बाहेरची कड तिरपी झिजली, किंवा नव्याने गुडघा दुखायला लागला, की त्या बुटाचं चालण्याचं आयुष्य संपलं. तो वावरात वापरा. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार-पाच पावलं टाचेत कळ येत असेल आणि मग ती कमी होत असेल, तर तळव्याचा पडदा सुजलेला असतो. अशा वेळी अंतर निम्मं करा, घरातही अनवाणी वावरू नका, आणि पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच हळू खाली सोडायची, ३० सेकंद धरायची, असं दिवसातून तीन-चार वेळा करा. तीन-चार आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टरांना दाखवा. औषधाच्या दुकानात मिळणारी सिलिकॉनची टाचगादी तोवर आधार देते, पण ती दोन्ही बुटांत घाला, नाहीतर एक पाय उंच होतो.

या बुटाबद्दल एका गटाला वेगळं सांगायला हवं, ते म्हणजे शुगरचे पेशंट. त्यांना चालण्याचा फायदा सगळ्यात जास्त आणि चुकीच्या बुटाचा धोकाही सगळ्यात जास्त, कारण तळव्याची जाणीव कमी झाली असेल तर खडा, खिळा, फोड काहीच कळत नाही. त्यांनी आतल्या बाजूला जाड शिवण असलेला बूट घेऊ नये. हात घालून बोटांनी चाचपून पाहावं. रोज रात्री तळवा बघावा, वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून. नवा बूट पहिल्या दिवशी घरातल्या घरात १५-२० मिनिटंच घालावा, मोजा काढून लाल डाग कुठे उठला ते पाहावं, आणि अर्ध्या तासात तो डाग गेला नाही तर बूट तळाला माती लागायच्या आत दुकानात परत करावा.